हसण्यावारी

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनच्या मालकाला सगळे 'गमत्या' म्हणत. कात्रीआधी त्याची जीभ चालायची. टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकालाही तो गंभीरपणे विचारायचा, "भांग उजवीकडे पाडू की डावीकडे?" सगळं दुकान खो-खो हसायचं.

पण समोरच्याचा गळा दाटला की गमत्याच्या छातीत काहीतरी घाबरं व्हायचं, आणि तो ते विनोदाखाली दाबून टाकायचा. हे इतकं अंगवळणी पडलेलं, की त्याचं त्यालाच कळत नसे.

एका दुपारी दुकान रिकामं असताना त्याची मुलगी आली. ती नर्सिंग शिकत होती. आत येतायेताच म्हणाली, "बाबा, प्रॅक्टिकलला परत नापास झाले."

"अगं, दोनदा नापास म्हणजे अभ्यास दुप्पट पक्का!" पुढचा आरसा पुसता पुसता तो म्हणाला.

ती हसली. "येते मी," म्हणून वळली. सलूनमध्ये मागच्या, दारालगतच्या भिंतीलाही आरसा असतो. पाठमोऱ्या पोरीचा चेहरा त्याला त्यात दिसला. हसू पुसलं गेलं होतं आणि हनुवटी थरथरत होती. तो हाक मारणार तेवढ्यात ती गेलीसुद्धा.

त्या दिवशी त्याचं कामात लक्ष लागेना. आपण बोललो की माणसं हसतात, एवढंच त्याने आजवर पाहिलं होतं. पाठ फिरवल्यावर त्यांचं काय होतं, ते कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी लवकर कुलूप लावून तो घरी गेला. मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. तो शेजारी टेकला.

"दुपारी मी ऐकूनच घेतलं नाही. आता सांग."

"जाऊ द्या हो बाबा."

"नाही, सांग."

ती थांबत थांबत बोलू लागली. "येतं सगळं. पण परीक्षक समोर आले की हात कापतात. साधं बँडेज सुटतं हातातून."

गमत्याच्या जिभेवर लगेच एक फक्कड विनोद आला. त्याने तो आवंढ्याबरोबर गिळला. छातीतली घाबरगुंडी तशीच राहिली, पण तिने जीव काही घेतला नाही. पोर रडली, बोलली, मोकळी झाली. बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, "अहो, तब्येत बरी आहे ना तुमची?" तिघंही हसले.

जुनी खोड एका दिवसात जात नाही. चौथ्याच दिवशी त्याची जीभ पुन्हा घसरली. पण या वेळी त्याचं त्यालाच कळलं. "थांब," तो मुलीला म्हणाला, "हे माझं नेहमीचं झालं. तू परत सांग बघू."

मग तिनेच युक्ती काढली. रोज दुपारी ती दुकानात येऊन गिऱ्हाइकांदेखत बापाच्या हाताला बँडेज बांधू लागली. पहिल्या आठवड्यात पट्ट्या सुटून लोंबत. गिऱ्हाइकं मान वाकडी करून बघत, सल्ले देत. हळूहळू तिचे हात स्थिरावले.

परीक्षेच्या सकाळी चपला घालताना ती म्हणाली, "भीती वाटतेय."

"मलाही," तो म्हणाला. आणि दुकान तासभर उशिरा उघडायचं ठरवून तिच्याबरोबर कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत गेला.