मीठ, मग शांतता

छत्री.

(इथे शांतता.)

न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही. आत कुणी असेल तर ते गातं, नाहीतर खाकरतं.

वजनकाट्यावर बायको. तिच्या हातात निळी बॅग. "आता माझं वजन वजा करा," ती म्हणते, "आणि माझं किती ते मोठ्यानं म्हणू नका."

समुद्र. राजाचा मेलेला बाप. न्यायाधीश. भूकंप, तोही दोन अंकांत.

"काका, परत घेऊ. छत्रीला काही झालेलं नाही. ती कोपऱ्यात नुसती उभी आहे."

कोमट पाणी, चिमूटभर मीठ, मान वर, गुळण्या.

*

हा सगळा पसारा एकाच माणसाचा. ओळखीतले लोक त्याला खर्जराव म्हणत. आवाज असा की त्यानं आतून "कोण आहे?" विचारलं, तर दाराबाहेरचा माणूस आपण नक्की कोण, या विचारात पडे. नाटक कंपनीत त्यानं उभी हयात काढली, पण रंगमंचावर पाऊल टाकलं ते एकदाच, पडदा अडकला तेव्हा. बाकी सगळ्या भूमिका विंगेतल्या. समुद्र तो, मेलेला बाप तो, जमीन हादरली की तीही त्याच्याच घशातून. कंपनीच्या मालकानं त्याच्या चेहऱ्याबद्दल एकदा मत दिलं होतं: "तुझा आवाज ऐकून लोक मनात काहीतरी चित्र काढतात. ते आपण कशाला पुसायचं?" खर्जराव ही गोष्ट कौतुक म्हणून चारचौघांत सांगे, आणि सांगताना दर वेळी चेहऱ्यावरून एकदा हात फिरवी.

पुढे कंपनी बसली. आवाज उरला. आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न त्यानं घरच्यांवर सोडला होता आणि घरच्यांनी तो त्याच्यावर.

तेवढ्यात कंपनीत पूर्वी ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या मुलीचा फोन आला. तिनं आता एका खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. काम सोपं होतं. नवशिक्यांनी फोनवर जपानी शब्द शिकायचे, त्यासाठीचं ॲप.

"तुम्ही मराठी शब्द म्हणायचा, काका. मग मी शांतता सोडते. त्या शांततेत शिकणारा जपानी शब्द आठवून म्हणणार. मग तिकडची एक बाई बरोबर शब्द सांगणार. तिचं रेकॉर्डिंग कधीच झालंय, तुम्हाला ते ऐकायचीही गरज नाही."

"म्हणजे इथेही मी विंगेतच," खर्जराव म्हणाला.

"इथे विंगही नाही. बसा."

खर्जरावाला वाटलं, पाणी, मांजर, खिडकी, यात काय आहे? पण ज्या माणसानं आयुष्यभर समुद्र केला, त्याला पेलाभर पाणी जमेना. 'पाणी' म्हणताना तो तहानेनं व्याकूळ होई. 'मांजर' म्हणाला तेव्हा ती गच्चीवरून पडलेली वाटली. 'खिडकी'मागे कुणीतरी जन्मभर वाट बघत होतं. रेकॉर्डिंगवाली काचेपलीकडे कपाळ टेबलावर टेकवून बसे. "काका, नुसता शब्द द्या हो. त्याचं पुढे काय झालं ते नको."

बहुतेक शब्द तिनं घासून घासून सपाट करून घेतले. एक निसटला. दिवस संपत आला होता, घसा बसला होता, आणि खर्जराव 'मीठ' असं काही म्हणाला की ऐकणाऱ्याला वाटावं, विश्वासातल्या माणसानं पाठीत सुरा खुपसलाय आणि मरणाऱ्यानं त्याचं नाव घेतलंय.

"चालेल," रेकॉर्डिंगवाली दमून म्हणाली. "मिठाकडे कोण लक्ष देतंय?"

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जेवताना लेकीनं सांगितलं, की ती जपानी भाषेच्या वर्गाला जायला लागली आहे, परीक्षा झाली की तिकडे जाणार, आणि तिकडे एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची काळजी घ्यायची नोकरी करणार. अर्ज भरून झाला होता. आईला माहीत होतं.

खर्जराव उठून उभा राहिला. त्याच्या मनात दोनच गोष्टी होत्या. पोर लांब चालली, ही एक. तिकडे लोकांच्या बापांना हात धरून उठवणार, बसवणार, ही दुसरी. दोन्ही साध्या शब्दांत सांगता आल्या असत्या. पण साधे शब्द त्याला स्टुडिओतही जमले नव्हते.

"आजपासून," तो म्हणाला, "या घरात माझा आवाज तुझ्यापुरता बंद. खर्जराव दिलेला शब्द मागे घेत नाही."

आणि तो बाहेर पडला. म्हणजे पडायला गेला. घर दोन खोल्यांचं, तोंडासमोर दार आलं ते न्हाणीघराचं. त्यानं तेच धाडकन लावून घेतलं. आत गेल्यावर लक्षात आलं, की लगेच बाहेर आलो तर वाक्याची पार रया जाईल. म्हणून तो उलट्या बादलीवर बराच वेळ बसून राहिला. बाहेरून बायको म्हणाली, "अहो, भात गार होतोय. आत गात तरी राहा, म्हणजे आहात ते कळेल."

तेव्हापासून बोलणं बायकोमार्फत.

"तिला सांग, पंखा बंद कर."

"ती इथेच बसलीय."

"तरी सांग."

"मी काय दुभाषी आहे? तो धंदा तिचा," बायको म्हणे, आणि स्वतःच उठून पंखा बंद करी.

लेकही बापाच्याच वळणाची. "आई, बाबांना म्हणावं, चष्मा डोक्यावर आहे." खर्जराव डोक्यावरून चष्मा काढी आणि भिंतीकडे बघून मान हलवी. शपथेत मान हलवण्याबद्दल काही ठरलेलं नव्हतं.

*

मग एका संध्याकाळी तो गुळण्या करत न्हाणीघरात उभा होता, आणि पलीकडच्या खोलीतून त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"पाणी," खोलीतला खर्जराव म्हणाला.

शांतता.

"मिझु," लेक म्हणाली.

"मांजर."

"नेको."

"खिडकी."

लेक अडली. "मादो," ॲपमधली बाई म्हणाली. "मादो, मादो," लेक पुटपुटली.

खर्जराव तोंडात मिठाचं पाणी धरून तसाच उभा राहिला. वर्गानं हेच ॲप लावलं होतं तर. घरात महिनोन्‌महिने बापाशी अक्षर न बोललेली पोर दाराआड बसून त्याच्या प्रत्येक शब्दाला उत्तर देत होती. तो म्हणे, ती म्हणे. तो थांबे, ती बोले. आयुष्यात इतका सरळ संवाद त्या दोघांचा कधी झाला नव्हता, आणि त्यातही आपण हजर नाही, हे खास आपल्याच नशिबात, असं त्याला वाटलं. मग पाणी गिळलं गेलं आणि ठसका लागला.

त्या दिवसापासून खर्जरावाच्या गुळण्या वाढल्या. जपानीतलं एक अक्षर त्याला येत नव्हतं. तिकडची बाजू त्याला कुणी ऐकवलीच नव्हती. आता तो बादलीवर बसून आपल्याच मराठी शब्दाची वाट बघे आणि लेकीचा शब्द मनात घोळवे. छत्री, कासा. खुर्ची, इसु. म्हटलं तर बाप, म्हटलं तर ढ विद्यार्थी. तिनं चुकीचं म्हटलं तर यानंही चुकीचंच पाठ केलेलं असे, आणि बाईनं सुधारलं की दोघं दोन्ही खोल्यांत एकदमच जीभ चावत.

"घशाला काही झालंय का?" बायकोनं विचारलं.

"आवाज टिकवायला लागतो."

"कुणाशी बोलायला?"

दरम्यान वर्गाच्या बाईंनी तक्रार केली, की मुलं 'मीठ'पाशी आली की हसतात आणि पुढचे शब्द बुडतात. रेकॉर्डिंगवालीनं खर्जरावाला परत बोलावलं.

"मी दिलेला शब्द मागे घेत नाही," तो म्हणाला.

"काका, सकाळपासून चहाच्या दोन कपांवर बसलेय. मागे घ्या."

त्यानं नवं मीठ दिलं. वाण्यानं पुडी बांधून द्यावी तसं, कोरडं. रेकॉर्डिंगवालीनं काचेतून हात जोडले.

पण दाराआड जुनंच मीठ वाजत राहिलं. एक आठवडा, दुसरा आठवडा, तरी तोच सुरा आणि तीच पाठ. "कामं कशी करतात बघ," तो बायकोला म्हणाला, "एवढं घासून दिलं, अजून बदललेलं नाही." बायको लेकीच्या निळ्या बॅगेत लोकरीचे मोजे कोंबत होती. लेक रविवारी निघणार होती. रविवारच्या आत बोललं नाही तर ही शपथ समुद्रापार जाणार होती, आणि तिथून ती परत आणायला खर्जरावाकडे ना शब्द होता ना तोंड.

*

गुरुवारी दुपारी वर्गातल्या दोघी लेकीला भेटायला आल्या. एक उंच, एक चष्मेवाली. बायकोनं काकडी चिरून ताटली खर्जरावाच्या हातात दिली. "बोलायचं नसेल तर निदान वाढा."

उंच मुलीनं चकती उचलली. "काकू, मीठ आहे का?"

चष्मेवालीनं डोळे मिटले, छातीवर हात ठेवला, हनुवटी गळ्यात घातली आणि जमेल तितक्या खोलातून म्हणाली, "मीऽऽठ."

दोघी हसून आडव्या झाल्या. "ॲपमधला माणूस आहे ना, काकू, तो. त्याची आणि मिठाची काहीतरी जुनी भानगड आहे."

"मिठानं त्याची बायको पळवली असणार."

काकू तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात पळाल्या. लेक ताटलीकडे बघत राहिली.

खर्जराव जागच्या जागी उभा. आयुष्यात त्याची नक्कल कुणी केली नव्हती. समुद्राची नक्कल कोण करणार? आणि इथे दोन पोरी त्याच्या एका शब्दावर लोळत होत्या. त्याला राग यायला हवा होता. आला तो भलताच काहीतरी हुरूप. शपथ लेकीपुरती होती, पाहुण्यांशी बोलायला मनाई नव्हती. त्यानं ताटली खाली ठेवली.

"मीठ," तो म्हणाला.

खोली गप्प झाली. चष्मेवालीच्या हातातली चकती तशीच राहिली. पण सवय वाईट. शांतता पडली की उत्तर द्यायचं, हे त्या पोरींच्या अंगवळणी पडलं होतं.

"शिओ," तिघी एकदम म्हणाल्या. तिघी.

"साखर."

"सातो."

"पहाटे निघायचं की दिवसा?"

हा शब्द यादीत नव्हता. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"पहाटे," लेक म्हणाली. मग थोडं थांबून, "बाबा, शपथ मोडली."

"मी पाहुण्यांना विचारलं."

"पाहुण्या रविवारी कुठे चालल्यात?"

खर्जराव ताटलीतल्या चकत्या सारख्या करायला लागला. लेकीनं मांडी बदलली, त्याच्याकडे नीट बघितलं आणि अगदी सपाट आवाजात म्हणाली, "खिडकी." आणि शांतता सोडली.

आतल्या खोलीत नळ टपकत होता. खर्जरावानं घसा साफ केला.

"मादो."

"तुम्हाला कुठून येतं?" ती म्हणाली. "तुम्हाला तर ती बाजू ऐकवतच नाहीत."

"घर लहान आहे," खर्जराव म्हणाला.

"काका," उंच मुलगी हळूच म्हणाली, "पण त्या मादोला काय झालं?"

स्वयंपाकघरातून बायको हसायची थांबेना. लेकीनं बापाला हात धरून खुर्चीवर बसवलं. त्याला काही धरायची गरज नव्हती, पण त्यानं धरू दिला. "इसु," ती खुर्चीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली. तेही त्याला येत होतं, पण तो गप्प राहिला.

नवं, कोरडं मीठ ॲपवर चढून तेव्हा महिना होत आला होता. जुनं फक्त लेकीच्या फोनवर होतं. तिनं ॲप अपडेट केलं नव्हतं.