आयोनीचं वाटण

"बटाटे नाहीत म्हणजे? अख्ख्या ग्वाव्ह गावात नाहीत?" व्हर्लिननं विचारलं.

"बोटच आली नाही म्हणे. आता थेट पुढच्या आठवड्यात." शेजारच्या मिस फिलोनं कुंपणावरून एक नीरफणस पुढे केला. "हा घे. सकाळीच पाडलाय. उकड, कुस्कर आणि दे थापून तुझ्या त्या इंग्रजी खिम्यावर. पोराला काय कळतंय?"

"पोर चव्वेचाळीस वर्षांचं आहे, फिलो."

"मग तर बटाट्याचं नावही काढायचा नाही." फिलो तिथेच रेंगाळली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आज विचारणार आहेस ना?"

"जेवण झालं की विचारते."

"विचारच. घर त्याच्या नावावर असलं तरी भिंती कुणाच्या पैशांनी उभ्या राहिल्या, हे गावाला ठाऊक आहे."

"तसं नाही बोलायचं त्याच्याशी."

"मग कसं बोलणार?"

"म्हणेन, मागची खोली रिकामीच पडलीय. मला काय, एक खाट पुरे."

फिलोनं मान हलवली. ती पटल्याची होती की काळजीची, ते व्हर्लिनला कळलं नाही.

व्हर्लिनची बहीण आयोनी जाऊन चाळीस दिवस झाले होते. बाजारातून परतताना चढावर दम लागला म्हणून ती दगडावर टेकली, ती पुन्हा उठली नाही. फोन आला तेव्हा व्हर्लिन इंग्लंडात, लेस्टरमधल्या आपल्या सातव्या मजल्यावरच्या खोलीत मोजे रफू करत होती. दफनाच्या आदल्या संध्याकाळी ती ग्रेनाडा बेटावर, माहेरच्या गावी पोचली. परतीचं तिकीट गुरुवारचं होतं. पण इथे आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तिला वाटू लागलं होतं, की आता परत जायचं ते कुणासाठी? नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. गुडघे गेले होते. तिथल्या इमारतीची लिफ्ट महिन्यातले पंधरा दिवस बंदच असायची.

लेनॉक्स तिचा मुलगा, तिच्याच पोटचा. तो चार वर्षांचा असताना त्याला आयोनीच्या कडेवर देऊन ती बोटीत चढली होती. वर्षभरात जम बसला की बोलावून घेईन, असं सांगून गेली होती. एका वर्षाची दोन झाली, दोनाची पाच. मग रेजिनाल्डशी लग्न झालं. रेजिनाल्ड माणूस वाईट नव्हता. मुलाचा विषय निघाला की "बघू" म्हणायचा. बघू बघू करता लेनॉक्स एकोणीस वर्षांचा झाला, बस चालवायला लागला, आणि मग त्यानं येण्याचा प्रश्नच उरला नाही. व्हर्लिन पैसे पाठवत राहिली, खोकी भरभरून कपडे, वह्या, बूट पाठवत राहिली. बूट नेहमी एक माप लहान निघायचे. चाळीस वर्षांत ती पाचदा येऊन गेली. आयोनी त्याची 'मम्मी' होती, तिच्याशी त्याचं अगंतुगं चालायचं, भांडणंही व्हायची. व्हर्लिनला तो 'मिस व्हर्लिन' म्हणायचा आणि अहोजाहो करायचा. कधी उलटून बोलला नाही.

खाली गावात तो एकटाच राहायचा, पण रविवारी जेवायला आयोनीकडे यायचा. ती गेल्यावरही त्यानं रविवार चुकवले नाहीत. मासळी नाहीतर केळी घेऊन यायचा, स्वयंपाकघरात ठेवायचा, फ्रिज उघडून पाणी प्यायचा आणि जायचा. जेवायला थांब म्हटलं की "बसची खेप आहे" म्हणायचा. मागच्या रविवारी व्हर्लिननं धीर करून म्हटलं, "पुढच्या रविवारी मी शेफर्ड्स पाय करते. खाली खिमा, वर बटाट्याचा लगदा, भट्टीत भाजायचा. तिकडचा पदार्थ आहे." तो जरा थबकला. मग म्हणाला, "बरं. येईन एकला."

तिनं चुलीवर नीरफणस उकडायला ठेवला. खिमा मेंढीचाच मिळाला होता, ते एक बरं झालं. हा पदार्थ ती डोळे मिटून करू शकली असती. लेस्टरच्या इस्पितळात ती एकतीस वर्षं वॉर्डात मदतनीस होती, आणि बुधवारी दुपारी रुग्णांना हाच पदार्थ असायचा. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांना तिनं तो चमच्यानं भरवला होता. बोळक्या तोंडांत, फुंकर मारून, हनुवटीवरचं पुसत. किती जणांना, त्याची गणती नव्हती. स्वतःच्या मुलाला मात्र त्याच्या पाचव्या वर्षापासून तिनं एक घास भरवला नव्हता.

कांदा परतला, खिमा टाकला, आणि वास काही उठेना. तिकडचा खिमा तिकडच्या हवेत बरा लागायचा. इथल्या उन्हात, या स्वयंपाकघरात तो इस्पितळातल्यासारखाच फिका वाटला. थाइमची काडी टाकली. जायफळ किसून घातलं. तरी अळणीच. मग फ्रिजच्या दारात तिला काचेची एक बरणी दिसली. तळाला तीन बोटं हिरवं वाटण होतं. कांद्याची पात, रानकोथिंबीर, लसूण, मिरची, वर व्हिनेगरचा थर. कडेनं ते काळपट व्हायला लागलं होतं. तिनं हुंगून पाहिलं. चांगलं होतं, पण फार दिवस टिकलं नसतं. फुकट कशाला जायला हवं म्हणून तिनं चमच्यानं खरवडून सगळं खिम्यात घातलं. वास भसकन वर आला आणि खिमा एकदम इथला झाला. बरणी तिनं गरम पाण्यानं धुतली आणि ओट्यावर पालथी घातली.

नीरफणस कुस्करून त्यात लोणी आणि नारळाचं दूध घातलं, खिम्यावर थापलं, काट्यानं वर रेघा ओढल्या. भट्टीतून काढलं तेव्हा वरचा पापुद्रा खरपूस झाला होता. ती स्वतःवरच खूश झाली.

लेनॉक्स बरोबर एकला आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात काही आणलं नव्हतं, पाहुणा आल्यासारखा आला होता. टोपी काढून खुर्चीवर बसला आणि भांड्याकडे बघत राहिला.

"म्हणजे हा तो," तो म्हणाला.

"कोण?"

"शेफर्ड्स पाय. तुम्ही पत्रात लिहिलं होतं. मी विचारलं होतं तिकडे तुम्ही काय खाता, तर तुम्ही लिहिलंत, तू आलास की करून घालीन. मी चौथीत होतो." त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. "अख्ख्या वर्गाला सांगितलं होतं मी. कुणाचा विश्वास बसला नाही. पुढे माझाही उडाला."

हवापाण्याबद्दल बोलावं तसं तो बोलला. व्हर्लिनला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून "गरम आहे, जपून" एवढंच आलं. तिनं त्याला वाढलं, स्वतःलाही थोडं घेतलं.

"वर नीरफणस आहे," ती म्हणाली. "बटाटे मिळाले नाहीत."

"चालेल की."

त्यानं पहिला घास घेतला. चावता चावता थांबला. दुसरा घास तोंडात ठेवून नुसता बसला, डोळे ताटावर. मग काटा खाली ठेवला.

"यात काय घातलंय तुम्ही?"

"खिमा, कांदा, थाइम, जायफळ..."

"ते नाही."

तो उठला. फ्रिजचं दार उघडून उभा राहिला. व्हर्लिनला त्याची पाठ दिसत होती. गेले पाच रविवार त्याची ती पाठ तिनं अशीच पाहिली होती. उन्हातून आलाय, गार वाऱ्यात उभा आहे, असं तिला वाटायचं. पाणी पिऊन झाल्यावरही तो बराच वेळ दार लोटायचा नाही, हे तिला आत्ता उमगलं.

"इथली बरणी?"

"ती... वापरली रे. थोडंच उरलं होतं. खराब झालं असतं म्हणून..."

"सगळं?"

त्यानं ओट्यावरची पालथी बरणी पाहिली.

"सगळं घातलंस तू?" तो म्हणाला. "कुणाला विचारलंस? सोमवारी तिनं ते वाटलं होतं. रानकोथिंबीर मीच आणून दिली होती, तर म्हणाली, निवडून नको का आणायला, गवत उचलून आणलंयस. मंगळवारी ती गेली. तुला कसं कळणार? तू कधी होतीस इथे?"

तो ओरडला नाही. आवाज उलट खाली गेला होता. चाळीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा तिला 'तू' म्हटलं होतं. व्हर्लिनला भरून आलं आणि लाजही वाटली. अशा वेळीही आपल्याला तेवढंच ऐकू यावं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

दार लोटून तो पुन्हा खुर्चीवर येऊन बसला. थोड्या वेळानं त्यानं काटा उचलला. आता तो सावकाश खाऊ लागला. एकेक घास तोंडात धरून, मग गिळत. नीरफणस बाजूला सारून आधी खिमा वेचला, मग बोटानं रस पुसून घेतला. ताट रिकामं झाल्यावर त्यानं भांड्याकडे पाहिलं. व्हर्लिननं उरलेलं सगळं त्याला वाढलं, आणि आपलं ताटही, ज्यातला एक घासही तिनं घेतला नव्हता, त्याच्यापुढे सरकवलं.

"तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"मला भूक नाही."

तो परत 'तुम्ही'वर आला होता. ती समोर बसून त्याला जेवताना बघत राहिली. जेवताना तो डावा खांदा किंचित वर उचलायचा. ही लकब तिला ठाऊक नव्हती. ती त्याच्या बापाचीही नव्हती. आयोनीची होती.

जेवण झालं. त्यानं स्वतःचं ताट धुतलं, टोपी घेतली. हीच ती वेळ होती. वाक्य तिनं आठवडाभर घोळवलं होतं.

"लेनॉक्स, मागची खोली..."

"हं?"

त्याचे डोळे लाल होते. तो ओट्याकडे न बघण्याची शर्थ करत होता.

"मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही. पाऊस आत येतो."

"बघतो मी." तो दारात थांबला. "गुरुवारी किती वाजता आहे विमान?"

"साडेपाच."

"दीडला येतो न्यायला. बॅगा किती आहेत?"

"एकच."

संध्याकाळी फिलोनं कुंपणापाशी येऊन विचारलं, "काय म्हणाला?"

"दोनदा घेतलं त्यानं," व्हर्लिन म्हणाली.

गुरुवारी तो दीडच्या ठोक्याला बस घेऊन आला. बॅग मागे टाकून म्हणाला, "पुढे बसा. पाय पसरता येतील." खेप मोडायची नव्हती, त्यामुळे वाटेत हात दाखवतील त्यांना तो घेत गेला. समुद्राकाठचा रस्ता लागला. लोक चढत होते, उतरत होते, त्याच्याशी बोलत होते, तो हसून उत्तरं देत होता. व्हर्लिननं त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

हॅलिफॅक्सच्या थांब्यावर एक जाडजूड बाई भाजीची टोपली घेऊन चढली आणि व्हर्लिनच्या शेजारी बसली. रोजचीच असावी.

"मम्मीचं ऐकलं रे, लेनॉक्स," ती म्हणाली. "फार वाईट झालं. अशी बाई होणे नाही."

"हो, मिस ऑगस्टा."

बाईनं व्हर्लिनचा कोट, टोपी, पर्स न्याहाळली. "आणि ह्या कोण?"

लेनॉक्सनं गिअर बदलला. पुढे वळण होतं.

"मम्मीची बहीण," तो म्हणाला. "इंग्लंडला असतात."

बाईनं व्हर्लिनकडे वळून विचारलं, "बहिणीसाठी आलात होय एवढ्या लांबून?"

"हो," व्हर्लिन म्हणाली. वळणावर बाईची टोपली घसरायला लागली होती. तिनं ती उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.