उंबऱ्यातली करमाफी

मेलिन्नाचा नवरा गुलाम म्हणून विकला गेला तेव्हा त्याचा भाव एका कांस्याच्या कढईएवढा आला. गुन्हा काय, तर परदेशी असून खाल्किस या ग्रीक शहरात राहण्याचा वर्षाचा कर थकला. तो लोहार, पण तापाने अंथरुणाला खिळलेला, भरणार कुठून?

चुगली डेक्सीलासने केली. तोही परदेशीच, तेओसचा धान्यव्यापारी. पण खाल्किसवर हुकमत अथेन्सची, आणि अथेन्सला गहू पुरवून त्याने करमाफी उपटली होती. झेउसच्या देवळापुढे ती दगडात कोरून उभी होती. रोज सकाळी तो दगड थोपटायचा. मेलिन्ना दिसली की म्हणायचा, "काय गं लिडियावाले, भरलास का यंदाचा? आम्हाला बाबा सवयच नाही."

ती भरत होती. लोकर विंचरून, कापड विणून बोटं सोलवटत अकरा वर्षं भरत होती.

मग खाल्किसने अथेन्सचं जू झुगारलं. लोकांनी अथेन्सचे सगळे दगड फोडले. दगड गेला की माफी गेली, शेंबडं पोरही सांगेल. कर भरायचा तर यादीत नाव हवं, नावासाठी इथला एखादा नागरिक जामीन हवा. डेक्सीलासने माजापायी दोन्ही कधी केलं नव्हतं.

मेलिन्नाने त्याच्या दगडाचा मोठा तुकडा खांद्यावर घरी आणला, अक्षरं वर ठेवून उंबऱ्याला बसवला. हात धुऊन थेट करवसुलीचा मक्ता घेतलेल्या थौमोनकडे गेली.

"थौमोनदादा, एक परदेशी आहे, डेक्सीलास. ना कर, ना जामीन."

नाव ऐकून थौमोन हसला. "विक्रीतला निम्मा वाटा खबर देणाऱ्याचा. घेशील ना?"

"नको. माझ्या नवऱ्याची बोली लागली त्याच ओट्यावर याची लाव."

दुपारी डेक्सीलास धापा टाकत तिच्या दारात. "वहिनी, तुझं कापड नागरिकांच्या घरी जातं. एकाला तरी सांग, माझा जामीन हो म्हणून. नाहीतर आजच नेतील मला."

"आज वहिनी झाले होय?"

"झालं गेलं विसर गं."

"खाली बघ."

त्याने पाहिलं. धुळीने भरलेल्या वहाणेखाली त्याचं नाव, बापाचं नाव, आणि पुढे 'त्याला व त्याच्या वंशजांना करमाफी'.

"इथून पुढे रोज यावर पाय देऊन जाणार मी," ती म्हणाली. "सरक, लोकर वाळत घालायचीय."

वळणावर मक्तेदाराची माणसं दिसली. नवऱ्याचे हात बांधताना तिला बघवलं नव्हतं, तिने दार लावून घेतलं होतं. आज तिने ते सताड उघडं ठेवलं.