फळ्यावरचं नाव

तर्कशास्त्राचे प्रोफेसर कमलाकांत पिंपळखुटे यांनी दुसरी ओळ लिहून संपवली, पण वर्गात नेहमीचा हशा पिकला नाही.

फळ्यावर होतं : सर्व माणसे मर्त्य आहेत. इनायतुल्ला माणूस आहे.

कॉलेजचा चपराशी इनायतुल्ला प्राचार्यांची सूचना घेऊन अजून दारातच उभा होता. स्वतःचं नाव अक्षर लावून वाचताना त्याचे ओठ हलले. तो ओळखीचं हसला. बाकी कोणी हसलं नाही.

‘‘म्हणून?’’ पिंपळखुट्यांनी विचारलं.

मागच्या बाकावरून तेल्हाऱ्याचा चंद्रभान म्हणाला, ‘‘सर, पुसा ते.’’

पुस्तकात त्या जागी एका ग्रीक तत्त्ववेत्त्याचं नाव होतं. तीन वर्षांपूर्वी अमरावतीला नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी पिंपळखुट्यांनी ते लिहिलं, तेव्हा एका पोरानं विचारलं होतं, ‘‘सर, हा कोन्या गावचा?’’ तेव्हापासून ते त्या जागी कॉलेजातल्या कोणाचं तरी नाव घालत. पोरं हसत आणि दोन विधानांवरून तिसरं काढायची, म्हणजे संवाक्याची, पहिली आकृती त्यांच्या डोक्यात पक्की बसे. लिहायची जागाही ठरलेली होती : डाव्या कोपऱ्यात, खडू दाबून, मोठ्या अक्षरात.

‘‘का पुसू?’’

‘‘माह्या पहिल्या साली तुमी सूर्यभान माळ्याचं लिहलं. त्याले पोळ्याच्या आंधी पान लागलं. मांगच्या साली बापूसाहेब लायब्ररीवाल्याचं लिहलं. दिवाळीत ते खुर्चीतच गेले.’’ चंद्रभान दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा याच वर्गात बसला होता. दोन्ही वेळचा तोच एक साक्षीदार.

सूर्यभानला साप चावला, बापूसाहेबांचं हृदय थांबलं, हे पिंपळखुट्यांना माहीत होतं. दोन्ही प्रेतयात्रांना ते गेले होते. पण या दोन मरणांना त्यांनी कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला.

‘‘उत्तम. आपण हेच मांडू.’’ ते लिहू लागले. ‘‘मेलेले दोघेही फळ्यावर होते. इनायतुल्ला फळ्यावर आहे. म्हणून इनायतुल्ला मरणार. बरोबर? चूक! सगळे कावळे काळे, कोळसा काळा, म्हणून काय कोळसा कावळा झाला? ‘फळ्यावर असणं’ हे इथं मधलं पद. ते दोन्ही विधानांत एकदाही व्याप्त नाही, म्हणजे ‘फळ्यावरचे सगळे’ असं कुठंच म्हटलेलं नाही. निष्कर्ष निघतच नाही.’’

वर्गानं श्वास सोडला. इनायतुल्लाही पुन्हा हसला.

‘‘सर, उलटं मांडलं तं?’’ चंद्रभान उभा राहिला. ‘‘फळ्यावर आलेले सगळे मरते. इनायतुल्ला फळ्यावर आला. मंग?’’

पिंपळखुट्यांचा हात थांबला. ही पहिली आकृती होती, तिचा सर्वांत निर्दोष प्रकार. आजवर अभ्यासात एक ओळ न लिहिणाऱ्या पोरानं ती बिनचूक उभी केली होती.

‘‘रूप निर्दोष आहे,’’ त्यांना कबूल करावं लागलं. ‘‘पण पहिलं विधान खरं आहे की नाही, ते रूपावरून कळत नाही. दोघांवरून ‘सगळे’ म्हणता येत नाही.’’

‘‘मंग कशावरून कळन?’’

‘‘थांबावं लागेल. पाहावं लागेल.’’

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की, ते दारातल्या माणसाकडे बघून बोलले होते.

इनायतुल्लानं सूचना टेबलावर ठेवली. ‘‘येतो, साहेब,’’ म्हणाला आणि गेला.

आठवड्याभरात तो कामावर यायचा थांबला. मुदतीचा ताप, टायफॉइड.

त्याची बायको रहिमाबी एका दुपारी अंबापेठेत पिंपळखुट्यांच्या घरी आली. ओट्याच्या खालीच उभी राहिली.

‘‘वर या, बाई. कसा आहे तो?’’

‘‘भिताडावर बोटानं लिहून राहिले जी. काय लिहता म्हनलं, तं म्हन्ते, तिसरी ओळ.’’

त्या दिवशी तिसरी ओळ लिहायची राहून गेली होती, हे पिंपळखुट्यांना तिथं उभ्या उभ्या आठवलं.

‘‘डॉक्टर काय म्हणतात?’’

‘‘दवाई चालू हाये. दवाईचं डाक्टर पाह्यतीन. नावाचं तुमी पाहा.’’

‘‘ते नाव त्याच दिवशी पुसलं, बाई. त्यात काही अर्थ नसतो. उदाहरण असतं ते.’’

‘‘मंग माह्याच मानसाचं काहून?’’ तिनं पदर सावरला. ‘‘पुसून काय होते? बापूसायबाचं नाई पुसलं होतं काय? तिथं दुसरं नाव टाका. जागा खाली नोका ठेवू.’’

‘‘दुसरं? कोणाचं?’’

रहिमाबीनं मान हलवली. ‘‘ते मी नाई सांगत. माह्या तोंडून कोनाचं नाव निंगनार नाई.’’

ती गेली. नागपुरी गेटकडे जाणारा रस्ता उन्हात रिकामा होता, आणि तिच्या पाठमोऱ्या चालीत कसलीच घाई नव्हती. ती काम सोपवून गेली होती.

दुसऱ्या दिवशी पिंपळखुटे वर्गात आले. कोणाकडे न बघता त्यांनी डाव्या कोपऱ्यात लिहिलं : सर्व माणसे मर्त्य आहेत. मग खडू हातात धरून ते पोरांकडे वळले. सगळ्या माना एकदम खाली गेल्या. चंद्रभाननं तर डोकं बाकाखाली घातलं, चप्पल शोधत असल्यासारखं.

कमलाकांत माणूस आहे.

त्यांचा हिशेब साधा होता. ‘फळ्यावर आलेले सगळे मरतात’ हे मोडायला एक न मेलेला पुरतो. तो आपण होऊ. ‘म्हणून कमलाकांत मर्त्य आहे’ ही तिसरी ओळही त्यांनी पुरी केली. खडू ठेवताना मात्र त्यांना दिसलं की, हे विधान मोडणारच नाही. फळ्यावर आलेले सगळे माणसंच होते. सगळी माणसं मर्त्य. म्हणजे चंद्रभानचं विधान पहिल्या ओळीतूनच निघत होतं, खरं होतं, आणि ते स्वतःच दर वर्षी आधी तेच लिहीत होते. प्रश्न फक्त कधी एवढाच होता. आणि त्यांच्या शास्त्रात ‘कधी’ला पद नव्हतं.

त्याच संध्याकाळी इनायतुल्लाचा ताप उतरायला लागल्याचं कळलं. त्यांनी ‘मुदत संपली असेल’ असं म्हटलं. स्टाफरूममध्ये मात्र त्या दिवसापासून त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

दसऱ्यानंतर इनायतुल्ला कामावर आला. डोक्यावरचे केस गेलेले, कोट खांद्यावर लोंबत होता. पिंपळखुटे तासाला आले, तेव्हा तो ओल्या फडक्यानं फळा पुसत होता. बदली माणूस महिनाभर कोरडंच पुसत आला होता. ओला फळा काळाभोर चमकत होता.

मग खिडकीतून आलेल्या उन्हानं तो वाळू लागला. डाव्या कोपऱ्यात आधी एक करडी रेघ उमटली, मग अक्षरं. तीन वर्षं एकाच जागी दाबून लिहिलेल्या खडूच्या खुणा. पहिली ओळ स्वच्छ वाचता येत होती. दुसरीत नावांवर नावं चढली होती. सूर्यभानचा ‘सू’, बापूसाहेबांचा काना. इनायतुल्ला वाकून बोटानं अक्षरं लावू लागला.

‘‘हे माहं हाये,’’ तो म्हणाला. ‘‘याच्यावर कोनाचं हाये, साहेब?’’

इनायतुल्लानं वाचलं. मग वळून त्यांच्याकडे पाहिलं, फडकं बादलीत बुडवलं आणि ती जागा पुन्हा पुसली. ती वाळली. नाव वर आलं. त्यानं पुन्हा पुसलं.

‘‘राहू दे, इनायतुल्ला. आज दुसरी आकृती आहे.’’ पिंपळखुट्यांनी फळ्याच्या उजव्या बाजूला लिहायला सुरुवात केली. अक्षर नेहमीसारखंच सरळ येत होतं.

मागे पोरं उतरवून घेत होती. तासाची घंटा द्यायची वेळ होऊन गेली तरी ती वाजली नाही. ती देणारा इनायतुल्ला ओलं फडकं हातात धरून दारात उभा होता, डावा कोपरा वाळायची वाट पाहत.