मयेसोच्या नावाचा दाखला

"मयेसो जेरे वारले," दाखला वाचून विमा कचेरीतल्या बाई म्हणाल्या. "पण विमा तर वेझी जेरेंचा आहे. हे मयेसो कोण?"

मयेसो समोरच बसला होता. जिवंत, घामाने निथळत.

वेझी त्याचा धाकटा भाऊ. मागच्या खेपेला जोहान्सबर्गला मुदतीपेक्षा जास्त राहिला, म्हणून त्याला पाच वर्षं बंदी. मग तो थोरल्याच्या पासपोर्टवर गेला. त्यांच्या म्झिंबाकडचं अर्धं गाव असंच जातं, त्यात कुणाला पाप वाटत नाही. पण वेझी तिथे बांधकामावर भिंत कोसळून मेला, आणि कागदोपत्री मेला तो मयेसो. शवपेटी आली तीही त्याच्याच नावाची. भावाला त्याने स्वतःच्या नावाखाली पुरलं.

"हे काय, हेच मयेसो. माझे भाऊजी," वेझीची बायको टेम्वा भाबडेपणाने म्हणाली.

"अगं बाई! मेलेला माणूस माझ्यापुढे बसलाय की!" बाईंनी चष्मा वर केला, मग आवाज खाली आणला. "हे बघा, परदेशात मरण आलं तरी आमचा विमा लागू होतो. नावाची भानगडही निस्तरता येते. पण ज्याचा पासपोर्ट, त्याने लेखी द्यायचं की मी आपखुशीने दिला. चोरीचा असेल तर एक दमडी मिळायची नाही."

मयेसो सरकारी शाळेत कारकून, चर्चमध्ये पहिल्या बाकावरचा. असं लेखी दिलं की नोकरीवर गदा. घरून निघताना बायकोने बजावलं होतं, "चोरीला गेला म्हणा. आपल्याला चार पोरं आहेत." टेम्वालाही तीन होती, पण त्यांचं नाव कुणी काढलं नाही.

"चोरीला गेला होता," तो म्हणाला.

"म्हणजे तुमचा भाऊ चोर? लिहू तसं?" बाईंनी पेन उचललं.

टेम्वाने मान खाली घातली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मयेसोला झालं. मेलेल्या भावाला भर कचेरीत चोर ठरवलं, आणि तेही त्याच्या बायकोदेखत! त्याला स्वतःची किळस आली.

"थांबा," तो म्हणाला. "चोरला नाही. मीच दिला. तोही फुकट नाही, त्याच्याकडून दोन बकऱ्या घेऊन दिला."

बकऱ्यांचं कुणी विचारलंही नव्हतं. पण तोंड एकदा उघडलं, ते आवरेना.

टेम्वा त्याच्याकडे वळली.

"बकऱ्या? आमचे हे तर म्हणाले, तरसाने नेल्या. आणि पासपोर्ट म्हणे दादाने बळेच खिशात कोंबला, हे नको नको म्हणत असताना. शेवटपर्यंत तेच सांगत होते."

मयेसोला वर बघवेना. बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. त्याने पहिली ओळ घाईघाईने खरडली.

"अक्षर नीट काढा, भाऊजी," टेम्वा म्हणाली.