सतरा आडवं आणि माती

लोअर पडलिंग गावातल्या 'लंगडा बगळा' या पबात शेकोटीजवळ एकच खुर्ची आहे. बाकीच्या बाकांवर वारा बसतो आणि वाऱ्याच्या मांडीवर माणसं. त्या खुर्चीचे धनी होते ऑब्री फेंटन, लॅटिनचे निवृत्त मास्तर. शाळेत पोरांनी त्यांचं कधी ऐकलं नाही. घरी बायकोनं बरीच वर्षं ऐकलं आणि मग ती देवाघरी गेली, बहुधा शांततेसाठी. आता मास्तरांचं बोलणं ऐकून घेणारी जागा जगात एकच उरली होती, ती ही खुर्ची.

रिवाज असा की, शनिवारच्या पेपरातलं गूढ शब्दकोडं दुपारपर्यंत ज्याला सुटेल, त्यानं खुर्चीत बसून एकेक सूत्र फोडून सांगायचं आणि बाकीच्यांनी 'अहाहा' म्हणायचं. कोडं रचणारा स्वतःला 'वटवाघूळ' म्हणवायचा. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि ते त्याच्या तब्येतीला बरंच होतं.

"रस उलटला, गुरुजी प्रकटले. अक्षरं दोन," मास्तर वाचायचे. "लक्ष द्या. सूत्राच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. इथे गुरुजी. उरलेल्यात उत्तर बनवायची युक्ती. रस उलटा करा. काय मिळालं?"

"सर!" पबवाला लेन ओरडायचा.

"अहाहा!" सगळे म्हणायचे. न म्हणणाऱ्याला लेन लोणच्यातलं अंडं द्यायचा नाही.

मास्तरांची बुद्धी इतकी तीक्ष्ण की साधं वाक्य त्यांना आयुष्यात भेटलंच नाही. एकदा बस थांब्यावर 'आज बस येणार नाही' ही पाटी वाचून त्यांनी तिथेच उभ्या उभ्या 'मांजर' असं उत्तर काढलं आणि संध्याकाळपर्यंत बसची वाट पाहिली. सख्ख्या बहिणीच्या अंत्यविधीला चर्चमधल्या फळ्यावर प्रार्थनांचे आकडे पाहून ते पुटपुटले, "दोन शब्द. पाच आणि सात." पाद्रीबुवांनी ते दुःखाच्या खात्यावर टाकलं.

अशात हेस्टर ट्रँटर निवृत्त झाली. गावाची दातांची डॉक्टर. दात उपटणं तिनं थांबवलं होतं, जीभ मात्र पूर्वीच्याच कामावर होती. मास्तरांची ती बालमैत्रीण, त्यामुळे मान वगैरे देण्याचा प्रश्नच नव्हता.

"ऑब्री, ऊठ," एका शनिवारी ती म्हणाली. "माझे गुडघे कुरकुरतात. मला शेकोटी हवी."

"कोडं सोडव आणि बस."

"पोटात पतंगाचं डोकं शिरलं आणि पक्षी बोलायला लागला. अक्षरं तीन." ती त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. "पतंगाचं डोकं म्हणजे प. तो पोटात घाल. पोपट. आता उठतोस, का मी सांडशी आणू?"

लेननं मध्यस्थी केली. पुढल्या शनिवारी दोघांनी समोरासमोर बसायचं. जो हरेल त्यानं जन्मभर शौचालयाच्या दाराशी बसायचं आणि 'अहाहा' म्हणायचं. मास्तर हसले.

त्या शनिवारी पबात मुंगीला जागा नव्हती. दोघांच्या पेन्सिली सुसाट धावल्या आणि एकाच ठिकाणी अडल्या. सतरा आडवं. दुसरं अक्षर ल, चौथं र, आणि सूत्र असं: 'कांद्याच्या बुडाशी माती नको, शनिवारी पात छाटा (४)'.

मास्तरांच्या कपाळावर घाम आला. मग डोळे चमकले.

"तलवार!"

"कशी काय?" हेस्टर म्हणाली.

"बूड म्हणजे तळ, तळ म्हणजे तल. 'नको' हा हुकूम. शनिवारातला शनी नको. असल्या ग्रहाला ठेवतं कोण? उरला वार. तल आणि वार. आणि पात छाटते कोण? तलवार! वटवाघळाचं हे आजवरचं सर्वांत देखणं सूत्र."

"अहाहा!" छपराची कौलं हलली.

"आणि माती?"

"माती ही दिशाभूल."

"आणि कांदा?"

"डोळ्यांत पाणी आणायला. म्हणजे खरं काय ते दिसत नाही."

"तुला तर अजिबातच दिसत नाहीये," हेस्टर म्हणाली आणि तिनं पेन्सिल खाली ठेवली. "मी ही घरं रिकामी सोडते. अरे, हे कोडंच नाही. कांदे कसे लावावेत ते सांगितलंय."

पब खदाखदा हसला. तिला शौचालयाच्या दाराशी स्टूल मिळालं. मास्तरांनी ते तलवारीचं सूत्र त्या दिवशी पुन्हा पुन्हा समजावलं, एकदा तर आत कुत्रं बांधायला आलेल्या परक्या माणसालाही.

पुढल्या शनिवारी पेपर आला. लेननं कोड्याखालची बारीक चौकट मोठ्यानं वाचली. "गेल्या वेळी सतरा आडव्याच्या जागी चुकून बागकामाच्या पानावरच्या चौथ्या चित्राखालची ओळ छापली गेली. खरं उत्तर 'दिलगीर'. आम्हीही तेच आहोत."



"म्हणजे चार हा चित्राचा आकडा?" एकानं विचारलं.

"पण हिची घरं रिकामी होती!" मास्तर खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाले. "अपुरं कोडं हरलं, असा रिवाज आहे."

लेननं फडकं खांद्यावर टाकलं. "मास्तर, तुमची घरं भरलेली होती, पण चुकीची. आणि रिवाज समजावून सांगण्याचाही आहे ना? त्या ओळीचा अर्थ बरोबर सांगितला कुणी?"

मास्तर उठले. खुर्ची करकरली, त्यांच्या उठण्याची तिलाही सवय नव्हती. हेस्टर बसली, पाय शेकोटीकडे केले आणि डोळे मिटले.

"समजावा की, डॉक्टर," लेन म्हणाला.

"सगळं सोपं आहे. गप्प बसा."

पबात शांतता पसरली. अशी शांतता तिथे याआधी कुणी ऐकली नव्हती, म्हणून लोक जरा घाबरले. मग शौचालयाच्या दाराशी, वाऱ्याच्या झोतात, स्टुलावरून एक ओळखीचा आवाज आला.

"थांबा. 'आम्हीही तेच आहोत.' 'तेच' उलटं करा... 'चते'... अरे, ही दिलगिरी नाहीच! हे सूत्र आहे! तलवार बरोबर होती, आणि हे त्यांनी इथे लपवून कबूल केलंय!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. लेननं अंड्यांची बरणी पुसता पुसता विचारलं, "ते असू दे, मास्तर. पण त्या मातीचं शेवटी काय झालं?"

"त्यानं खाल्ली," हेस्टर डोळे न उघडता म्हणाली.

"अहाहा!" सगळा पब म्हणाला.