फुसका सोडा

हर्षलनं नगरच्या सावेडीत घर बांधून फाल्गुनात वास्तुशांत केली, ते हे साल. गावोगावच्या पाट्यांवर नगर पुसून अहिल्यानगर लिहिलं जात होतं, त्या वेळची गोष्ट. जेवणावळी उरकल्या, पाहुणे पांगले, आणि मग एक दिवस हर्षल टेम्पोतून एक फ्रिज घेऊन आला. कंबरेइतका उंच, आणि डोक्यावर नळ बसवलेला.

"तात्या, तुमचा कारखाना आणला घरात," तो बापाला म्हणाला.

अजिनाथ चष्मा पुसत जवळ आला. फ्रिजच्या पोटात स्टीलची उभी टाकी होती आणि शेजारी गॅसचा छोटा सिलिंडर. सिलिंडरच्या तोंडावर काट्याचं घड्याळ, आणि गॅस कमीजास्त करायची चावी. टाकीत लिंबाचं सरबत भरायचं, त्यात गॅस सोडायचा, नळाखाली ग्लास धरायचा, की झाला सोडा. कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातलं ते सामान होतं.

"हॉटेलात यातून काय निघत होतं, ते तेवढं आत्याबाईंना सांगू नका," सून धनश्री म्हणाली. "नाहीतर त्या उंबऱ्याच्या आत यायच्या नाहीत."

आत्याबाई म्हणजे अजिनाथची थोरली बहीण झुंबरबाई. ती देवळाली प्रवऱ्याला एकटी राहायची. पाडवा झाला की डॉक्टरला दाखवायला ती चार दिवस सावेडीला येणार होती.

देवळालीत अजिनाथच्या वडिलांचा, अण्णांचा, गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. एका अंगाला चाक लावलेली पेटी. तिच्यात बाटल्या अडकवायच्या, गॅस जोडायचा आणि दांडा धरून चाक फिरवायचं. दुसऱ्या अंगाला बाटल्या धुवायचा हौद. झुंबरबाई ऐन उमेदीत नवरा गमावून माहेरी आली ती त्या हौदाशी बसली, आणि हौदाशीच तिचे केस पांढरे झाले. ती बाटल्या धुवायची, अजिनाथ चाक फिरवायचा. मध्येच एखादी बाटली फुटायची. तिच्या मनगटावर काचेचा एक लांब वण होता, त्यावर ती बांगड्या ओढून घ्यायची.

वडिलांचा एक दंडक होता. बाटलीचं रबर झिजलं की गोटी नीट बसायची नाही, गॅस निघून जायचा आणि बाटली फुसकी व्हायची. फुसकी बाटली गिऱ्हाइकाच्या हातात जाता कामा नये. मग गिऱ्हाईक साखर कारखान्याचा साहेब असो की बाजारातला हमाल. फुसक्या बाटल्या बाजूला काढल्या जायच्या आणि त्या झुंबरबाई प्यायची. बाजाराच्या दिवशी पेट्या रिकाम्या झाल्या की ती दारात पाय पसरून बसायची आणि दिवसभराची फुसकी बाटली तोंडाला लावायची.

पुढं प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, गोटी सोडा मागं पडला, चाक भंगारात गेलं. अजिनाथ लेकाकडं आला. झुंबरबाई म्हणाली, "मला माजा हौद बरा," आणि त्या पत्र्याच्या खोलीतच राहिली.

नळाच्या फ्रिजपुढं बसल्यावर अजिनाथच्या मनात आलं, की आक्कानं कडक सोडा प्यालेला आपण कधी पाहिला नाही. हजारो बाटल्या तिच्या हाताखालून गेल्या, पण नाकात झिणझिण्या आणणारी एक बाटली कोणी फोडून तिच्या हातात दिली नाही. आपणही दिली नाही. आता ती येईल तेव्हा पहिला ग्लास तिचा. गिऱ्हाइकाला देतात तसा, कडक.

त्यानं आलं ठेचून घालून सरबत केलं, गाळलं आणि टाकी भरली. हर्षलनं गॅस जोडला. दुसऱ्या दिवशी अजिनाथनं नळाची मूठ अंगठ्यानं हळूच, तसूभर ओढली. गोटी दाबायची ती अशीच. धसमुसळेपणा केला की अर्धी बाटली अंगावर येते, हे त्याला लहानपणीच कळलं होतं. नळ फुरफुरला आणि ग्लास नुसत्या फेसानं भरला. फेस बसेपर्यंत त्यानं वाट पाहिली. खाली चार बोटं सरबत उरलं. त्यानं घोट घेतला. फुसका.

"गॅस कमी पडतोय," तो म्हणाला आणि चावी पिळली.

मग फेस दुप्पट आला. धनश्रीनं फरशी पुसली.

हर्षल संध्याकाळी कंपनीतून आला, मोबाईलवर कोणाकोणाचे व्हिडिओ बघत बसला. "तात्या, गॅस वाढवून भागत नाही. सरबत कोमट होतं. गार पाण्यात गॅस मुरतो, कोमटातून पळून जातो."

"मला शिकवतो व्हय गॅस? तुजा जन्म व्हायच्या आदी मी—"

"तुमच्याकडं पेटी फिरवून गॅस घुसळला जायचा. इथं मुरायला वेळ द्यावा लागतो. तुम्ही चावीला हात लावू नका."

त्यानं फ्रिज आणखी गार केला. टाकीपासून नळापर्यंतची नळी हातभरच होती, ती काढून तिथं लांबलचक बारीक नळी वेटोळं करून बसवली. आखूड नळीतून सोडा धावत सुटतो आणि धावता धावता गॅस सांडतो, असं त्याचं म्हणणं. काटा पाहिजे तिथं आणून ठेवला. सगळं बरोबर केलं होतं पोरानं. तरी अजिनाथनं ग्लास धरला की फेस, आणि फेसाखाली फुसकं सरबत. नळाला मात्र तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हता. पहिली कडक धार आपल्याच हातानं आक्कासाठी धरायची, हे त्याच्या मनानं घेतलं होतं.

पाडवा झाला आणि झुंबरबाई आली. पिशवीत हरभऱ्याची डाळ, गवार आणि धनश्रीसाठी खण. फ्रिजकडं बघून म्हणाली, "ह्यो काय पानवठा घातलास घरात?"

"सोड्याचा नळ हाय आक्का. तुला पाजनार हाय."

"पाज की मग. बाटल्या तर धुवाया न्हाईत ना?"

"न्हाईत."

"मंग मी हितं करू काय?" ती म्हणाली, आणि धनश्री हसली.

डॉक्टरांनी तिच्या छातीची ईसीजीची पट्टी काढली, गोळ्या बदलून दिल्या, जिना चढू नका म्हणून सांगितलं. ती दिवसभर स्वयंपाकघरात फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसायची आणि भावाची धडपड बघायची. तो रोज सकाळी ग्लास धरायचा, फेस बसू द्यायचा, घोट घ्यायचा आणि उरलेलं मोरीत ओतून द्यायचा.

"वततोस कशाला? दे हिकडं."

"फुसका हाय."

"मंग? मी काय पयल्यांदा पिनार हाय का? उलट फुसका गोड लागतो. गॅसानं नुसती जीभ भाजती, साकर कळत न्हाई."

"तुजं आपलं कायतरीच. उंद्या व्हईल नीट."

"तुजं उंद्या आन सुताराचं परवा," झुंबरबाई म्हणाली आणि लसूण सोलायला घेतला.

त्याला वाटलं, आक्का आपली समजूत घालते आहे. जन्मभर मिळालं तेच गोड म्हणायची तिला सवय. त्यामुळं त्याला जास्तच ईर्षा चढली.

जायच्या दिवशी हर्षल तिला गाडीनं सोडणार होता. ती लुगडं नीट करून, पिशवी मांडीवर घेऊन त्याच खुर्चीत बसली. अजिनाथनं पितळी पेला घासून आणला होता, वडिलांच्या वेळचा. त्यानं नळाखाली पेला धरला, मूठ अंगठ्यानं अलगद ओढली. फुरफुर झाली. फेस काठावरून खाली आला, त्याच्या बोटांवरून ओघळला. तो तसाच उभा राहिला. फेस खाली खाली गेला. अर्धा पेला राहिला.

झुंबरबाईनं हात पुढं केला. बांगड्या मागं सरल्या आणि मनगटावरचा वण दिसला.

"आन."

"न्हाई आक्का. फुसका हाय."

"आरं घसा वला करून जाते. गाडीत ऊन लागंल."

"गिऱ्हाइकाला फुसका देत न्हाईत. अन्नांनी काय सांगितलं हुतं? पुढच्या खेपंला ये, तुला आसा कडक देतो का नाकातनं पानी आलं पायजे."

त्यानं पेला मोरीत उपडा केला.

झुंबरबाईचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला. मग तिनं तो पिशवीवर ठेवला.

"गिऱ्हाईक कवापास्नं झाले रं मी तुजी?" ती म्हणाली.

ती रागावली नव्हती. आवाज नेहमीचाच होता, त्यामुळं अजिनाथ हसला. धनश्रीनं माठातलं पाणी दिलं, ते ती प्याली. सुनेला जवळ घेऊन आपल्या कानशिलावर बोटं मोडली. भावाला म्हणाली, "जपून ऱ्हा. रोज फरशी वली करू नगंस, पोरगी पडंल." हर्षलनं हाताला धरून तिला गाडीत बसवलं.

महिना व्हायच्या आत देवळालीहून फोन आला.

दहावा करून अजिनाथ सावेडीला परतला तेव्हा ऊन टळटळीत होतं. तो सोप्यात बसला, चपला पायातच. गेल्या कित्येक दिवसांत फ्रिजला कोणी हात लावला नव्हता. टाकी आपली आत गारठून उभी होती. धनश्रीला सासऱ्याचा चेहरा बघवेना. काहीतरी गार द्यावं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. गडबडीत तिनं काचेचा ग्लास नळाखाली धरला आणि मूठ एका हिसक्यात पार खाली ओढली.

फुरफुर झाली नाही. स्वच्छ, सरळ धार आली आणि ग्लास काठोकाठ भरला. वर बोटभर फेस, बाकी सगळा सोडा, तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येत असलेला.

"तात्या," ती ग्लास घेऊन बाहेर आली, "बघा तरी. आज काय झालं याला?"

अजिनाथनं ग्लास घेतला. घोट घेतला तशी जीभ चरचरली, नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं.

"कसा वढलास नळ?" त्यानं विचारलं.

"कसा म्हणजे? ओढला. पूर्ण."

तो उठून आत गेला. दुसरा ग्लास घेतला, मूठ आपल्या पद्धतीनं अंगठ्यानं अलगद ओढली. नळ फुरफुरला, ग्लास फेसानं भरला. मग त्यानं तीच मूठ धनश्रीसारखी एकदम खाली ओढली. धार आली. सरळ.

तो बराच वेळ नळापुढं उभा होता. नळ अर्धवट उघडला की सोडा फटीतून घुसमटत येतो, त्याचा फेस होतो आणि गॅस ग्लासात पडायच्या आधीच निघून जातो, हे हर्षलनं त्याला रात्री जेवताना समजावून सांगितलं. समजावायची गरज नव्हती. पोरानं नळी बदलली, गारवा वाढवला, काटा लावला, तेव्हाच यंत्राचा दोष संपला होता. पुढं राहिला तो अजिनाथच्या अंगठ्यातला. आक्का चार दिवस समोर बसून होती. टाकीत कडक सोडा होता. एकदा तिलाच म्हटलं असतं, की वढ गं नळ, तर तिनं बाटल्या धुवायच्या हातानं खसकन ओढला असता.

पण मनाला खरं लागलं ते निराळंच. कडक नाही मिळाला, तर नाही मिळाला. तिनं कडक मागितलाच नव्हता. तिनं फुसका मागितला होता, आणि तो त्यानं मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पितळी पेला भरला. या वेळी धार सरळ आली. पेला घेऊन तो झुंबरबाई बसायची त्या खुर्चीत बसला आणि पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवला. धनश्री दोनदा येऊन गेली.

"तात्या, गॅस जाईल ना सगळा. प्या की."

"जाऊ दे."

उन्हाची तिरीप कठड्यावरून खाली फरशीवर उतरली. सोड्यातले बुडबुडे थांबले. मग अजिनाथनं पेला उचलला आणि सावकाश सगळा प्याला. सरबत गोड होतं. कालच्यापेक्षा गोड.

झुंबरबाई, अजिनाथची थोरली बहीण, त्याच साली आखितीच्या आदल्या दिवशी सकाळी देवळाली प्रवऱ्याला, हौदाच्या खोलीत वारली.